अंग आंबले म्हणजे व्यायाम झाला का?



रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर पहाटे फिरावयास निघणाऱ्यांना एक दृश्य चांगले परिचयाचे आहे. अलिबागच्या समुद्रकिनारी, ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याच्या दिशेने उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर, पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी धावत असतात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर अंतर धावायचे असते, शिवाय १०० मीटरची धाव आणि गोळाफेक असते. या मुलांचे आपापसातील बोलणे कानावर पडले, तर त्यात एक वाक्य हमखास असते : "काल पाय असे भरून आले की जिना उतरवेना!" हे वाक्य तक्रारीचे नसते, अभिमानाचे असते. पाय भरले, म्हणजे कालचा सराव सत्कारणी लागला, असा त्याचा अर्थ.

याच किनाऱ्यावरच्या गावांतून दुसराही एक माणूस भेटतो. वय पन्नाशी-पंचावन्नचे, नोकरी बसून करण्याची, रक्तातील साखर वाढू लागलेली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर हे गृहस्थ पन्नास बैठका काढतात. तिसऱ्या दिवशी त्यांना पाटावर बसणे अशक्य होते. 'हे आपल्या वयाला झेपणारे नव्हे' असा निष्कर्ष काढून ते व्यायामाला रामराम ठोकतात आणि पुढील पाडव्याची वाट पाहतात.

पहिला वेदनेच्या मागे धावतो, दुसरा तिच्यापासून पळतो. परंतु दोघांच्या हातातील मोजपट्टी एकच आहे. दुखणे हीच व्यायामाची पावती, असे दोघांनीही मनोमन मानले आहे. ही मोजपट्टी खरी आहे काय, हा या व्याख्यानाचा विषय आहे. प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. पण या एका समजापायी कितीतरी तरुण भरतीच्या आधीच जायबंदी होतात आणि कितीतरी प्रौढ माणसे ज्या वयात व्यायामाची सर्वाधिक गरज असते, त्याच वयात तो सोडून देतात.

दुखणे येते कोठून?

मराठी भाषेत या दुखण्याला मोठा समर्पक शब्द आहे : अंग आंबणे. ताक आंबते, पीठ आंबते, तसे श्रमाने अंग आंबते. गंमत अशी, की विज्ञानाच्या नावाखाली अनेक वर्षे जे कारण सांगितले गेले, तेही या शब्दाशी जुळणारे होते. श्रम करताना स्नायूंत लॅक्टिक आम्ल, म्हणजेच दुग्धाम्ल साचते आणि तेच दुसऱ्या दिवशी दुखते, असे क्रीडाशिक्षक सांगत आले. आजही अनेक व्यायामशाळांत हेच सांगितले जाते. मात्र ते खरे नाही.

जोरदार श्रमानंतर रक्तातील वाढलेले लॅक्टिक आम्ल साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. अंग आंबणे मात्र त्यानंतर कितीतरी तासांनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोहोचते आणि पाच-सात दिवसांत ओसरते. जे आम्ल सकाळीच निघून गेले, ते परवाच्या दुखण्याचे कारण कसे असेल? १९८३ साली अमेरिकेतील संशोधकांनी याची सरळ परीक्षा घेतली. त्यांनी माणसांना ट्रेडमिलवर एकदा सपाटीवर आणि एकदा उतारावर प्रत्येकी ४५ मिनिटे धावावयास लावले. सपाटीवर धावताना रक्तातील आम्ल वाढले, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर धावताना आम्ल वाढले नाही आणि दुखले मात्र भरपूर. आम्लाचा सिद्धांत तेथेच निकालात निघाला.

मग खरे कारण कोणते? त्याचा धागा बराच आधी हाती लागला होता. थिओडोर हॉग या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९०२ साली बोटांच्या स्नायूंवर प्रयोग करून असे मांडले, की श्रमाच्या वेळचा थकवा आणि दुसऱ्या दिवशीची वेदना या दोन वेगळ्या गोष्टी असून, दुसरीचे मूळ स्नायूच्या आत होणाऱ्या सूक्ष्म इजेत असावे. पुढील शतकभराच्या संशोधनाने त्याचे म्हणणे बहुतांशी उचलून धरले.

ही इजा कोणत्या हालचालीने होते, हे समजून घेण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची आवश्यकता नाही. अलिबाग तालुक्यात मापगावजवळच्या डोंगरावर कनकेश्वराचे प्राचीन देवस्थान आहे. आंग्रेकालीन दगडी पायऱ्यांची वाट डोंगराच्या पायथ्यापासून वर जाते. पायऱ्या सातशेहून अधिक आहेत. श्रावणी सोमवारी तेथे भाविकांची रीघ लागते. चढताना धाप लागते, छाती भात्यासारखी चालते, घामाच्या धारा लागतात. उतरताना मात्र गप्पा मारत माणूस सहज खाली येतो. पण बुधवारी ज्या मांड्या दुखतात, त्या चढण्याने कमी आणि उतरण्याने अधिक!

याचे कारण स्नायूच्या कामाच्या रीतीत आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जातो आणि देहाला वर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबताच देहाचा भार सावरून धरतो. जणू विहिरीत भरलेली कळशी सोडताना दोर हातातून हळूहळू सरकू द्यावा तसे. असा ताणत ताणत केलेला भारवहनाचा प्रकार दमवतो कमी, पण स्नायूतंतूंवर खेच मोठी आणतो. १९८१ साली स्वीडनमधील संशोधकांनी पुन्हा पुन्हा जिने उतरून पाय दुखावलेल्या पुरुषांच्या पोटरीच्या स्नायूचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. स्नायूच्या आतील तंतुके कवायतीच्या रांगांप्रमाणे शिस्तीत मांडलेली असतात. या नमुन्यांत त्या रांगांच्या सीमारेषा जागोजागी विस्कटलेल्या आढळल्या. अशा सूक्ष्म इजेनंतर तेथे दाह सुरू होतो, सूज येते, भोवतीची मज्जातंतूंची टोके हळवी होतात, आणि एरवी ज्या हालचालीची जाणीवही होत नाही तीच बोचू लागते. या सर्व क्रियेला वेळ लागतो, म्हणून वेदना उशिरा येते.

लावणीची कंबर, होडीवरचे खांदे

हे झाले दुखण्याचे मूळ. आता मुख्य प्रश्न : जे दुखले, ते सुधारले काय? याचेही उत्तर या किनारपट्टीच्या रोजच्या जीवनात आहे.

आषाढात भातलावणी सुरू होते. कमरेत वाकून, चिखलात उभे राहून, रोपामागून रोप लावत खाचरे पुरी करायची. वर्षभरानंतर प्रथमच या कामाला उभ्या राहिलेल्या बाईला पहिल्या दोन-तीन दिवसांनी कंबर आणि मांड्यांची मागील बाजू इतकी धरते, की रात्री कूस बदलणे कठीण होते. कारण वाकलेल्या स्थितीत पाठीचे व मांडीमागचे स्नायू ताणलेले राहून भार पेलत असतात. आठवडा उलटतो. काम तेच, तास तेवढेच. किंबहुना हात बसल्याने आता रोपे अधिक लागतात. दुखणे मात्र पुष्कळ कमी झालेले असते.

कोळीवाड्यांतही हेच घडते. १ जून ते ३१ जुलै हा पावसाळी मासेमारीबंदीचा काळ. दोन महिने होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. बंदी उठल्यावर थळ, रेवदंडा, कोर्लई, मुरूड, श्रीवर्धनच्या होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. पहिल्या फेऱ्यांत जाळे ओढणाऱ्यांचे खांदे आणि दंड भरून येतात. दिवाळीच्या सुमारास तोच माणूस तेवढेच, कधी त्याहून जड जाळे ओढतो आणि घरी येऊन निवांत झोपतो.

आता प्रश्न असा, की त्या बाईची कंबर अधिक बळकट केव्हा असते? ती दुखत असताना पहिल्या आठवड्यात, की दुखेनाशी झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात? कोळ्याच्या खांद्यांचा कस ऑगस्टात अधिक, की दिवाळीत? उत्तर शेंबडे पोरही देईल. बळ आले तेव्हा दुखणे गेले होते. किंबहुना बळ आले म्हणूनच ते गेले. दुखणे अधिक श्रमाची नव्हे, तर अनोळखी श्रमाची खूण आहे.

शास्त्रज्ञांनी हा परिणाम अनेकदा मोजला आहे. एखादा स्नायू एकदा नव्या कामाने दुखावला, की तेच काम पुढच्या खेपेस केल्यावर त्याला इजा बरीच कमी होते आणि हे संरक्षण काही आठवडे, कधी काही महिनेही टिकते. कबड्डीचे माहेरघर म्हणून रायगड ओळखला जातो. चढाईपटूला धरताना, एकाएकी थांबताना, मागे वळताना मांड्यांवर हाच ताणणारा भार येतो. हंगामाच्या पहिल्या सरावानंतर लंगडणारा खेळाडू हंगामाच्या ऐन भरात लंगडत नाही, त्याचे रहस्य हेच.

परीक्षेत उतरलेले उत्तर

तरीही कोणी म्हणेल, "दुखण्याशिवाय सुरुवातच होत नसेल तर? आधी मोडल्याशिवाय नवे घडणार कसे?" शंका रास्त आहे, संशोधकांनाही ती पडली होती.

अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन गट केले होते. एका गटाला थेट कठीण व्यायामाला जुंपले. दुसऱ्या गटाकडून आधी तीन आठवडे अगदी हलका, हळूहळू वाढत जाणारा सराव करून घेतला आणि मग तोच कठीण व्यायाम दिला. पहिल्या गटाला वेदना झाल्या, त्यांच्या रक्तात स्नायूंच्या इजेची द्योतक द्रव्ये वाढलेली आढळली. दुसऱ्या गटात तसे काही विशेष आढळले नाही. सर्व आठवडे संपल्यावर मोजमाप घेतले, तेव्हा दोन्ही गटांच्या मांड्यांचे आकारमान आणि बळ जवळपास सारखेच वाढलेले होते. ज्यांनी सोसले, त्यांना सोसण्याचा काडीचाही अधिक लाभ मिळाला नाही.

ब्राझीलमधील संशोधकांनी २०१६ साली आणखी खोलात जाऊन पाहिले. दहा आठवडे वजनांचा व्यायाम करणाऱ्या तरुणांच्या स्नायूंत नवी प्रथिने किती तयार होतात, हे त्यांनी आरंभी, तिसऱ्या आठवड्यात आणि अखेरीस तपासले. पहिल्या आठवड्यात प्रथिनांची निर्मिती सर्वाधिक होती. मात्र ती मुख्यतः डागडुजीसाठी खर्च होत होती. अखेरीस स्नायू किती वाढला, याच्याशी या पहिल्या निर्मितीचा मेळ बसेना. तिसऱ्या आठवड्यापासून, इजा ओसरल्यावर, जी निर्मिती होत होती तिचा मात्र मेळ बसला. घरात चोहीकडे पाणी गळत असेल तर गवंडी आधी कौले शाकारतो. नवी खोली त्यानंतरच चढते.

आणखी एक गोष्ट. दुखण्याची तीव्रता ही इजेची तरी खरी मोजणी आहे काय? जपानी संशोधक काझुनोरी नोसाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले, की तसेही नाही. कोणाला इजा थोडी आणि दुखणे फार, तर कोणाला इजा बरीच आणि दुखणे जुजबी. म्हणजे ज्या मोजपट्टीने आपण व्यायाम मोजू पाहतो, तिच्यावरच्या रेघाच सारख्या अंतरावर नाहीत.

किनाऱ्यावर धावणाऱ्या तरुणांसाठी इटलीतील एका अभ्यासाचा उल्लेख येथे अगत्याचा ठरेल. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फुटबॉलपटूंच्या एका गटाकडून चार आठवडे वाळूवर आणि दुसऱ्याकडून गवतावर उड्यांचा सराव करून घेतला. वाळूवरच्या खेळाडूंचे अंग कमी दुखले. धावेचा वेग मात्र दोघांचाही सुधारला. उडीच्या एका प्रकारात गवतावरचा गट सरस ठरला, इतकेच. पायांखाली मऊ वाळू असणे हे निसर्गाने या किनाऱ्याला दिलेले वरदान आहे. ते लाभलेले असताना 'आज दुखले नाही, म्हणजे सराव वाया गेला' असे म्हणत बसणे शहाणपणाचे नाही.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. दुखत नाही, म्हणजे सर्व उत्तम चालले आहे, असाही अर्थ नव्हे. वर्षानुवर्षे तेवढ्याच अंतराची, तेवढ्याच संथ गतीची फेरी मारणाऱ्याचे काहीच दुखत नाही. त्याचे आरोग्य सांभाळले जाते, पण बळ वाढत नाही. शरीराकडून थोडे अधिक मागितल्यावाचून ते अधिक देत नाही. ही मागणी वाढवताना मधूनच अंग थोडे आंबले, तर त्यात घाबरण्याजोगे काही नाही. सारांश, दुखणे हे यशाचे प्रमाणपत्र नव्हे आणि अपयशाचेही नव्हे. त्यातून एवढेच कळते, की आज शरीराला काही नवे करावे लागले.

टाकीचे घाव

मग हा समज इतका खोल का रुजला? टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण आपल्या मनावर लहानपणापासून कोरलेली आहे. तितिक्षा हा गुण आहे, यात शंका नाही. परंतु म्हणीतला शिल्पकार विसरता कामा नये. तो घाव मोजून घालतो. कोठे घालायचा, किती जोराने घालायचा आणि कोठे थांबायचे, हे त्याला ठाऊक असते. भलत्याच जागी भलताच घाव बसला, तर दगड भंगतो. देव घडत नाही. पाश्चात्त्य जगातही वेदनेवाचून लाभ नाही, अशा अर्थाची घोषणा १९८२ पासून निघालेल्या जेन फोंडा या अभिनेत्रीच्या व्यायामाच्या चित्रफितींच्या काळात घरोघर पोहोचली आणि तेथून ती आपल्या व्यायामशाळांच्या भिंतींवर आली.

आपल्या वैद्यकपरंपरेचे म्हणणे मात्र निराळे आहे. सुश्रुत आणि वाग्भट या दोघांनीही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे सांगितले आहे. अर्धी शक्ती ओळखायची कशी? श्वास तोंडावाटे येऊ लागणे, कपाळ, नाक आणि सांध्यांच्या ठिकाणी घाम फुटणे, या खुणा सांगितल्या आहेत. व्यायामाचे फळ म्हणून शरीराचे हलकेपण, काम करण्याची क्षमता, प्रदीप्त अग्नी यांचा उल्लेख येतो. दुसऱ्या दिवशी अंग ठणकले पाहिजे, असे कोठेही सांगितलेले नाही. उलट अतिव्यायामापासून होणाऱ्या विकारांची यादी चरकाने दिली आहे, आणि बळाबाहेर साहस करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, असा दृष्टान्त वाग्भटाने योजला आहे. सर्वांनाच निम्म्या शक्तीवर थांबा, असे आजचे क्रीडाशास्त्र सांगणार नाही. स्पर्धेतील खेळाडूला त्यापुढे जावेच लागते. परंतु घाम आणि श्वास यांवरून श्रमाचा अंदाज घ्यावा, हे तत्त्व आजही टिकून आहे. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, तेव्हा श्रम मध्यम प्रमाणात होत आहेत, अशी जी साधी कसोटी आज डॉक्टर सांगतात, ती याच जातकुळीची.

सूर्यनमस्काराचे उदाहरणही असेच बोलके आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार स्वतः आयुष्यभर नेमाने घातले आणि आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांचा प्रसार केला. त्या प्रसाराचा भर नेमावर होता. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या संख्येने, आणि ती संख्या हळूहळू वाढवत. रथसप्तमीच्या दिवशी एकदम १०८ नमस्कार घालून पुढचे आठ दिवस खांदे शेकणाऱ्यापेक्षा, रोज १२ घालणारा वर्षअखेरीस कितीतरी पुढे गेलेला असतो.

कोणते दुखणे सोसावे, कोणते नाही

वेदनेलाच पावती मानण्यातला खरा धोका असा, की माणूस सगळ्याच वेदनांचे स्वागत करू लागतो. म्हणून भेद ओळखणे आवश्यक आहे.

अंग आंबण्याचे दुखणे दुसऱ्या दिवशी येते, पसरट असते, बहुधा दोन्ही बाजूंना सारखे असते, दाबल्यावर किंवा ताणल्यावर जाणवते आणि थोडे हिंडल्या-फिरल्यावर सैल पडते. ते आपोआप जाते. हलके चालणे, पुरेशी झोप, गरम पाण्याची आंघोळ, तेलाची हलकी मालिश यांनी आराम वाटतो. व्यायामाच्या आधी वा नंतर स्नायू ताणून धरल्याने हे दुखणे टळते, हा समज मात्र चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात टिकला नाही. त्याने पडणारा फरक नगण्य असतो.

याउलट, व्यायाम चालू असतानाच एका जागी सुरीसारखी कळ येणे, सांध्यात दुखणे, एका बाजूला सूज येणे, नडगीच्या हाडावर बोट ठेवताच जीव कळवळणे, ही इजेची लक्षणे आहेत. भरतीच्या तारखेच्या धास्तीने अशा पायावर धावत राहणाऱ्या मुलाला नडगीच्या हाडाला तडा जाऊन कित्येक आठवडे घरी बसावे लागू शकते. छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, घेरी, ही लक्षणे तर व्यायामाच्या खात्यावर मुळीच टाकू नयेत. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आणखी एका अवस्थेची माहिती प्रत्येक शिक्षकाला व पालकाला असलीच पाहिजे. सवय नसताना, विशेषतः उकाड्यात आणि पाणी न पिता, अतिरेकी व्यायाम केल्यास स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यांतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांवर आघात करतात. स्नायू टणक सुजणे, हातापायांतील बळ जाणे आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद होणे, ही त्याची चिन्हे. पैज लावून शेकडो बैठका काढणे, शिक्षा म्हणून नवख्या मुलांना बेसुमार जोर काढावयास लावणे, या प्रकारांतून हे घडू शकते. यात वाट पाहणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेणेही घातक, कारण त्यांतील अनेक गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. तसेच कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांचे स्नायू आठवडा उलटूनही दुखत राहिले, तर त्यांनी गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवावे.

मग मोजायचे काय?

दुखणे मोजायचे नाही, तर काय मोजायचे? उत्तर अगदी साधे आहे : काल जे जमत नव्हते, ते आज जमते काय?

त्यासाठी शाळकरी मुलांची एक वही पुरे. भरतीची तयारी करणाऱ्याने त्यात तारीख, धावलेले अंतर आणि लागलेला वेळ लिहावा. दर पंधरवड्याला १६०० मीटरची वेळ घ्यावी. वेळ कमी होत असेल, तर सराव योग्य. पाय दुखोत वा न दुखोत. वेळ वाढत असेल आणि पाय रोज दुखत असतील, तर ती विश्रांतीची वेळ आहे. पहिले काही दिवस ओहोटीच्या घट्ट ओल्या वाळूवर धावावे, भुसभुशीत वाळूत नंतर शिरावे, आणि धावण्याचे अंतर दर आठवड्याला थोडेथोडेच वाढवावे.

पन्नाशीच्या गृहस्थांनी पन्नास बैठकांऐवजी खुर्चीवर बसून हात न टेकता पाच वेळा उठावे. एक दिवस सोडून हे करावे. झेपू लागले की सात, मग दहा. वहीत आकडा लिहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. हा दुसरा भाग आपल्याकडे सर्रास विसरला जातो. वयाबरोबर स्नायू झिजत जातात आणि मांड्यांतले बळ गेले, की वृद्धाचा तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. जमिनीवरून आधाराविना उठता येणे, पाण्याची बादली उचलता येणे, बसच्या पायऱ्या चढता येणे, यांवर म्हातारपणाचे स्वातंत्र्य अवलंबून असते. दोन दिवसांच्या दुखण्याला भिऊन ते गमावणे, हा फार महागाचा सौदा आहे.

गृहिणींनीही 'घरकाम हाच व्यायाम' म्हणून स्वतःला यातून वगळू नये. रोजच्या सवयीच्या कामाने दुखत नाही, हे खरे; पण त्याने बळ वाढतही नाही, हे लावणीच्या उदाहरणावरून ध्यानी आलेच असेल.

आणि जे शिकवतात, त्यांच्यावर विशेष जबाबदारी आहे. नवीन मुलगा मैदानावर येतो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याचा 'दम काढण्याची' हौस आवरली पाहिजे. पहिल्या दिवशी त्याला इतकेच द्यावे, की उद्या त्याला यावेसे वाटेल. दोन आठवडे तो टिकला, तर पुढचे काम त्याचे शरीरच करू लागते. शिकवणाऱ्याचे यशही वहीतच तपासावे : आरंभी किती जण होते, तीन महिन्यांनी किती उरले आणि उरलेल्यांची प्रगती किती झाली. पहिल्या दिवशी किती जण लंगडत घरी गेले, याची नोंद त्या वहीत कोठेही नको.

येत्या श्रावणात कनकेश्वराच्या पायऱ्या चढण्याचा ज्यांचा मनोदय असेल, त्यांनी आजपासूनच घरचा जिना दिवसातून दोनदा सावकाश चढावा आणि त्याहून सावकाश उतरावा. सोमवारी दर्शन घडेल आणि बुधवारी कामावरही जाता येईल.